एलिमिनेटर: भिंतीतल्या विजेची बॅटरी

आज टेबलावर मी दोनच वस्तू ठेवल्या आहेत. एक कॅसेट, तिच्या कागदावर बाबांच्या अक्षरात ‘गणपती ८८, तालीम’ असं लिहिलंय. आणि दुसरा हा पत्र्याचा डबा. उचलून बघितला तर विटेसारखा जड लागतो. याला एका बाजूला भिंतीतल्या प्लगची वायर आहे, दुसऱ्या बाजूला नऊ व्होल्ट बाहेर येतात. मोबाइलच्या मुठीएवढ्या चार्जरच्या जमान्यात एवढं धूड कुणी का बनवावं, असं तुम्हाला वाटेल. आजचा विषय तोच आहे. या डब्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं तुमच्या-माझ्या घरातही गेलेली आहेत. फक्त तेव्हा आपण त्याला ‘एलिमिनेटर’ म्हणायचो.

आधी कॅसेटबद्दल सांगतो. माझं बालपण दिल्लीत करोलबागेत गेलं. आई गायची. व्यावसायिक नाही, पण गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तिचे दोन अभंग ठरलेले असायचे. त्याची तालीम घरी व्हायची आणि बाबा ती टू-इन-वनवर रेकॉर्ड करायचे. आमचा टू-इन-वन छोटा, मोनो. त्याला थेट वायर लावायची सोय नव्हती. एक तर सहा मोठे सेल घाला, नाही तर बाजूच्या भोकात एलिमिनेटरची पिन खोचा. सहा सेल म्हणजे दीड गुणिले सहा, नऊ व्होल्ट. सेल महाग, दोन आठवड्यांत उतरायचे. म्हणून घरात रेकॉर्डिंग असेल तर एलिमिनेटर, आणि सेल आत ‘असू देत’ म्हणून पडलेले.

आता मी नोएडात राहतो. आई जाऊन काही वर्षं झाली. या कॅसेटी संगणकात उतरवून ठेवाव्यात म्हणून तोच टू-इन-वन काढला, नवा बेल्ट घातला आणि बाजारातला नऊ व्होल्टचा हलका अ‍ॅडॉप्टर लावला. आईचा आवाज आला, पण त्याच्या मागे डास कानाशी यावा तशी एक बारीक शीळ आणि तिच्याखाली एक जाड ‘घूं’. शीळ तरी घालवू म्हणून मी जुन्या पद्धतीचा, ज्याला लिनिअर म्हणतात तसा पुरवठा घरी बनवायचं ठरवलं. तो बनवताना जे वाचलं, जे हातानं केलं, ते आज सांगतो.

सुरुवात १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत होते. रेडिओ तेव्हा व्हॉल्व्हचे होते आणि प्रत्येक संचाला दोन-तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या लागायच्या. एक सहा व्होल्टची, मोटारीत असते तशी तेजाबाची, व्हॉल्व्हची तार तापवायला. दुसरी पंचेचाळीस किंवा नव्वद व्होल्टची, व्हॉल्व्हमधून प्रवाह ओढायला. तेजाबाची बॅटरी बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर. ती उचलून चार्जिंगला न्यायची, तेजाब सांडलं की गालिच्याला भोक. भिंतीत वीज आलेली असताना हे कशाला? या प्रश्नातून ‘बॅटरी एलिमिनेटर’ जन्माला आला. बॅटरी घालवणारा डबा.

शिकागोत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी एका बुडालेल्या कंपनीचं एलिमिनेटरचं सामान आणि आराखडे लिलावात ७५० डॉलरना घेतले आणि २५ सप्टेंबर १९२८ रोजी स्वतःचा कारखाना काढला. पण धंदा जमेपर्यंत रेडिओवाल्यांनी पुरवठा रेडिओच्या पोटातच बसवायला सुरुवात केली. एलिमिनेटरची गरज संपत आली. मग गॅल्विन मोटारीतल्या रेडिओकडे वळले आणि १९३० मध्ये त्याला नाव दिलं मोटोरोला. म्हणजे मोटोरोलाची पहिली वस्तू मोबाइल नव्हती, मोटारीतला रेडिओही नव्हता. ती होती एलिमिनेटर.

आता हा डबा करतो काय? भिंतीत येते ती उलटसुलट वाहणारी वीज, आपल्याकडे सेकंदाला ५० फेरे, २३० व्होल्ट. पहिलं काम ट्रान्सफॉर्मरचं, व्होल्ट कमी करणं. दुसरं काम, उलट जाणारी वीजही सुलट करून एकाच दिशेला लावणं. त्यासाठी चार डायोडचा चौकोन वापरतात, ज्याला आपण ब्रिज म्हणतो. ही मांडणी १८९० च्या दशकातली आहे, पोलंडच्या कारोल पोलाक आणि जर्मनीच्या लिओ ग्रेट्झ यांची. तिसरं काम कपॅसिटरचं. ब्रिजमधून निघणारी वीज एका दिशेची असली तरी ठोके देत येते, सेकंदाला १०० ठोके. कपॅसिटर हे गच्चीवरच्या टाकीसारखं काम करतो. पाणी थांबून थांबून आलं तरी नळाला धार टिकते. पण टाकीतली पातळी वरखाली होतच राहते. विजेच्या या वरखाली होण्याला रिपल म्हणतात आणि स्पीकरमधून ऐकू येते ती ‘घूं’ म्हणजे हाच रिपल, १०० हर्ट्झचा. पन्नासचा दुप्पट.

जुने एलिमिनेटर इथंच थांबायचे. ट्रान्सफॉर्मर, डायोड, एक कपॅसिटर आणि प्लॅस्टिकचं खोकं.

आता दिल्लीत येऊ. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचं नभोवाणी केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारच्या नभोवाणी सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. घरात वीज असलेल्यांकडे पोटात पुरवठा असलेले व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ होते. सगळं चित्र बदललं ते ट्रान्झिस्टरनं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६२ मध्ये जर्मेनियमचे सेमीकंडक्टर बनवायला घेतले, आणि पुढच्या वीस वर्षांत ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द रेडिओ या अर्थानंच घरोघरी रुळला. दिल्लीहून प्रसारित होणारं मराठी बातमीपत्र आमच्या घरी अशाच एका ट्रान्झिस्टरवर ऐकलं जायचं. ट्रान्झिस्टर सेलवर चालतो, सेल महाग. त्यामुळे अमेरिकेत तीसच्या दशकात अडगळीत गेलेला एलिमिनेटर आपल्याकडे सत्तरच्या दशकात पुन्हा जन्माला आला. तेच नाव, तेच काम, आणि तीच ‘घूं’.

हे डबे कुठं बनायचे? मोठ्या कारखान्यांत कमी आणि गल्लीबोळांत जास्त. लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या दुकानांतून वाढलेला हा बाजार. त्याच्या शेजारी, चांदनी चौकात भागीरथ पॅलेस. ही मुळात बेगम समरूची हवेली. तिच्या खांबांभोवती आज वायरींचे गुंडाळे आणि दिव्यांच्या माळा लटकलेल्या असतात. या भागात ट्रान्सफॉर्मरचं स्टॅम्पिंग किलोवर मिळायचं, तांब्याची वायर किलोवर मिळायची, आणि वाइंडिंग करून देणारा माणूस शंभर पावलांवर असायचा. तिकडे १९६९ पासून दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागलं. त्यातली सर्किटं बघून सामानाची यादी करायची आणि रविवारी लाजपतराय मार्केट गाठायचं, हा पुष्कळ मुलांचा छंद होता. ‘बारा-झिरो-बारा’ म्हटलं की दुकानदार दुसरा प्रश्न न विचारता ट्रान्सफॉर्मर काउंटरवर ठेवायचा.

आणि तरी हे डबे घुमायचे. कारण कपॅसिटर महाग, म्हणून छोटा घातलेला. आणि दुसरं कारण, विजेचा दाब. उन्हाळ्यात संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडत राहायची आणि पंखा मोजता यायचा एवढा हळू फिरायचा, हे उत्तर भारतात वाढलेल्यांना सांगायला नको. घरात फ्रिजला स्टॅबिलायझर, टीव्हीला स्टॅबिलायझर. २३० व्होल्ट हा कागदावरचा आकडा होता.

यावर उत्तर होतं, पण ते यायला वेळ लागला. गुळगुळीत करणं वेगळं आणि नियंत्रण ठेवणं वेगळं. कपॅसिटर गुळगुळीत करतो, पण भिंतीत वीज कमी झाली तर बाहेरही कमीच येते. नियंत्रण ठेवायचं तर तीन गोष्टी लागतात. एक, न बदलणारं माप. दोन, बाहेर किती व्होल्ट जातायत ते त्या मापाशी सतत ताडून बघणारा कुणीतरी. तीन, त्याच्या सांगण्याप्रमाणे कमी-जास्त उघडणारी झडप. ताडून बघून चूक दुरुस्त करण्याची कल्पना, निगेटिव्ह फीडबॅक, ही बेल लॅबच्या हॅरल्ड ब्लॅकला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि त्यानं ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर लिहून ठेवली. १९३९ मध्ये हंट आणि हिकमन या दोघांनी व्हॉल्व्ह वापरून व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या मंडलांचा व्यवस्थित अभ्यास छापला. म्हणजे तत्त्व तयार होतं. पण ते प्रयोगशाळेत, मोठ्या कपाटाएवढ्या यंत्रांत.

घरगुती वस्तूत ते आणलं चिपनं. १९६९ च्या सुमारास बॉब विडलरनं नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये एलएम१०९ बनवला. तीन पायांचा, पाच व्होल्ट देणारा, जास्त तापला की स्वतःच बंद होणारा. माप, ताडणारा आणि झडप, तिन्ही एका तुकड्यात. आणि १९७६ मध्ये त्याच कंपनीत बॉब डॉबकिननं एलएम३१७ आणला, ज्यात दोन रेझिस्टर बदलले की हवे तेवढे व्होल्ट मिळतात. आज पन्नास वर्षं होत आली, तो अजून दुकानात मिळतो. माझ्या या डब्यात तोच आहे.

हिशोब सोपा आहे, पाटीवर करता येईल असा. या चिपचं आतलं माप सव्वा व्होल्टचं. पहिला रेझिस्टर २४० ओहम, दुसरा दीड हजार. दुसऱ्याला पहिल्यानं भागा, सव्वासहा. त्यात एक मिळवा, सव्वासात. त्याला सव्वानं गुणा. नऊ व्होल्टच्या किंचित वर. झालं.

पण खरी परीक्षा झडपेला जागा ठेवण्यात आहे. एलएम३१७ ला काम करायला आत आणि बाहेर यांच्यात दोन-अडीच व्होल्टचा फरक लागतो. मी आधी बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला. भिंतीत २३० असताना कपॅसिटरवर साधारण साडेपंधरा व्होल्ट जमतात, भरपूर झाले. मग एका मित्राकडून डिमरस्टॅट आणला आणि भिंतीतला दाब मुद्दाम १८० वर उतरवला, जुन्या दिवसांसारखा. आता कपॅसिटरवर जेमतेम बारा, त्यातून रिपलच्या खळग्यात साडेदहा. झडपेला दीडच व्होल्ट उरले. आणि स्पीकरमधून लगेच ‘घूं’ परतली. चिप उत्तम, हिशोब बरोबर, पण वीज कमी.

मग पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला. आता १८० वरही खळग्यात पावणेचौदा राहतात. पण २३० ला जवळपास वीस व्होल्ट येतात, आणि नवाच्या वरचे सगळे चिपला उष्णता करून फेकावे लागतात. तीनशे मिलिअँपिअरला तीन वॉटहून जास्त. म्हणून हा मागचा काळा हीटसिंक, आणि म्हणून हे वजन. लिनिअर पुरवठ्याची सगळी गंमत आणि सगळा तोटा इथं आहे. स्थिरपणा हवा तर जादा दाब हाताशी ठेवावा लागतो आणि तो जाळावा लागतो. रेग्युलेटरच्या मधल्या सांध्यावर दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाकला, की रिपल ८० डेसिबलनं खाली जातो, म्हणजे दहा हजारातला एक भाग उरतो. एका मोठ्या कपॅसिटरवर खर्च करण्यापेक्षा हा छोटा जास्त उपयोगी. बाकी २३० व्होल्टशी खेळ नको. फ्यूज, अर्थिंग, पत्र्याचा बंद डबा, आणि येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवून मगच करा.

ही उधळपट्टीच पुढे लिनिअरच्या मुळावर आली. १९७७ च्या अ‍ॅपल टू संगणकात रॉड होल्टनं स्विचिंग पुरवठा बसवला. तो वीज जाळत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच घेतो. हलका, थंड, स्वस्त. २००० नंतर कॅलिफोर्निया आणि युरोपात वीज वाचवण्याचे नियम आले आणि जड अ‍ॅडॉप्टर बाजारातून गेलेच. ते योग्यच झालं. आणि चांगला स्विचिंग पुरवठा संगीतालाही पुरेसा शांत असतो. लिनिअरमध्ये काही दैवी नाद असतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझी शीळ येत होती ती स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या चालू-बंदमधून, एवढंच.

तर डबा तयार झाला. कॅसेट लावली. शीळ गेली. साफ गेली. पण ‘घूं’ तशीच.

मी दोन संध्याकाळी जोड तपासत बसलो. अर्थिंग बदललं, वायर लांब नेली, कपॅसिटर दुप्पट केला. शेवटी डबा बाजूला ठेवून सहा नवे सेल घातले. भिंतीशी काही संबंधच नाही. तरी ‘घूं’ होतीच. तेव्हा कळलं. ती आजची नव्हती. ती १९८८ मध्ये बाबांच्या एलिमिनेटरमधून फितीवर उतरली होती. माझा रेग्युलेटर आजची वीज स्वच्छ करू शकतो, तेव्हाची नाही.

इथं माझ्यातला इतिहासवाला जागा झाला. कारण ती ‘घूं’ म्हणजे त्या संध्याकाळच्या विजेची नोंद आहे. रेकॉर्डिंगमध्ये उतरलेल्या अशा गुणगुणीवरून ते कधीचं आहे, मध्ये कापलंय का, हे शोधायची पद्धत २००० नंतर रोमानियाच्या कातालिन ग्रिगोरास यांनी मांडली, आणि ती न्यायवैद्यक कामात वापरली जाते. कारण एका ग्रिडवरच्या सगळ्या घरांत विजेचे फेरे एकाच वेळी सारखेच कमी-जास्त होतात. मी संगणकावर बघितलं. ‘घूं’ १०० वर नव्हती, थोडी खाली होती. पण कॅसेट हळू-जलद फिरते, त्यामुळे तेवढ्यावर विश्वास नाही. मग आईची पेटी काढली. तीच पेटी तालमीत वाजतेय. तिचा षड्ज आणि फितीवरचा षड्ज जुळवून वेग दुरुस्त केला. ‘घूं’ ९८ च्या आसपास आली. म्हणजे विजेचे फेरे ५० नव्हे, ४९ च्या जवळ. पेटीचे सूरही वर्षांत थोडे हलतात, त्यामुळे हा पुरावा कोर्टात टिकणार नाही. पण तो त्या काळाशी जुळतो. तेव्हा उत्तरेच्या ग्रिडवर मागणी जास्त आणि वीज कमी, म्हणून फेरे बऱ्याचदा ५० च्या खाली रेंगाळायचे. डिसेंबर २००२ मध्ये उत्तर भारतात फेऱ्यांशी जोडलेले वीजदर आले आणि ते सुधारले. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तरेची ग्रिड पश्चिम आणि पूर्वेशी जोडली गेली, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणही. आज नोएडातल्या आणि कोल्हापुरातल्या घरात एकच फेरे चालतात. १९८८ मध्ये तसं नव्हतं. आईच्या अभंगामागची ‘घूं’ फक्त उत्तरेची होती.

आणि आता शेवटची गोष्ट. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर आईचा आवाज अचानक वर चढत जातो, चिमणीसारखा बारीक होतो आणि तुटतो. मी आधी फीत खराब समजत होतो. मग लक्षात आलं. लाइट गेली होती. कपॅसिटरमधली वीज संपत गेली तशी मोटर हळू झाली, आणि हळू भरलेलं आज नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. मग एक ‘खट्’. बाबांनी एलिमिनेटरची पिन उपसली असणार, कारण पिन बाहेर काढली की आतले सेल आपोआप जोडले जातात. ‘असू देत’ म्हणून पडलेले ते सेल.

त्यानंतरचा अभंग पूर्ण आहे. आणि त्यात ‘घूं’ नाही. पंखाही बंद झालेला, त्याचीही घरघर नाही. आईचा श्वास ऐकू येतो, पेटीच्या भात्याचा ऐकू येतो. अंधारात झालेलं ते रेकॉर्डिंग माझ्याकडचं सगळ्यात स्वच्छ आहे.

शंभर वर्षं माणसं बॅटरी घालवायला डबे बनवत राहिली, आणि डबा किती चांगला हे ठरलं तो बॅटरीच्या किती जवळ जातो यावरून. मी बनवलेलाही तसाच आहे.

कॅसेटच्या मी दोन प्रती केल्या आहेत. एकीत ‘घूं’ गाळली आहे, ती घरच्यांना ऐकायला. गाळताना तबल्याच्या डग्गीचा थोडा घुमारा गेला, इलाज नव्हता. दुसरी जशी होती तशी ठेवली आहे, ४९ फेऱ्यांसकट, लाइट जाण्यासकट. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर आधी तशाच्या तशा उतरवून ठेवा, साफसफाई नंतर. आणि ‘घूं’ आली तर पहिल्यांदा सेल घालून बघा. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, तुमच्या वाचतील.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.